जुन्या ओम्नीला नवा रंग: पत्र्यापासून पॉलिशपर्यंत कृती आणि खर्चाचा हिशेब

मारुतीची ओम्नी व्हॅन कंपनीतून बंद झाली २०१९ मध्ये. विदर्भातल्या दिग्रस, आर्वी, वरोरा, ब्रह्मपुरी अशा गावांत ती अजून रोज कामावर आहे. शाळेची पोरं, आठवडी बाजाराची पोती, रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायचा पेशंट, सगळं हीच गाडी वाहते. ७९६ सीसीचं इंजिन गावातला मिस्त्रीही खोलून बसवतो, म्हणून अशा गाडीचं इंजिन सहसा शेवटपर्यंत साथ देतं आणि आधी हार मानतो तो पत्रा. मालकाला मात्र दिसतो तो उडालेला रंग. तो पेंटरकडे जाऊन विचारतो, "पूर्ण गाडी मारायचे किती?" उत्तर येतं, "टेन्शन नका घेऊ भाऊ, पंधरा हजारात बराबर करून देतो."

पंधरा हजारांत रंग खरंच लागतो. पहिल्या दिवाळीला गाडी चमकते, दुसऱ्या पावसाळ्यात चाकाच्या कमानीवर फोड येतात आणि तिसऱ्या वर्षी पुट्टीचा, म्हणजे खड्डे भरायच्या लेपाचा, पापुद्रा हातात येतो. जुन्या गाडीत रंगाचं आयुष्य ठरतं ते रंगाच्या खाली. म्हणून या लेखात जास्त जागा खालच्या कामाला दिली आहे. ओम्नी धरून लिहिलं आहे. ईको किंवा दुसरी जुनी व्हॅन असेल तर फक्त सामानाचं माप थोडं वाढवा.

आधी कागद बघा

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी आरटीओकडून नूतनीकरण करावं लागतं. २०२२ पासून चारचाकीला त्याची फी पाच हजार आहे, वीस वर्षांपुढच्या गाडीला त्याहून जास्त. पंधरा वर्षांनंतर पर्यावरण कर वेगळा. नूतनीकरण सहा महिन्यांवर आलं असेल तर तो खर्च आणि रंगाचा खर्च एकत्र मांडून मगच ठरवा. तपासणीत कुजलेला पत्राही अडचण करतो, तेव्हा पत्राकाम त्याच्या आधी झालेलं बरं.

रंग तोच ठेवणार असाल तर परवानगीचा प्रश्न नाही. पांढऱ्याची लाल करायची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे हा बदल धरला जातो. नोंदणी पुस्तकात रंगाची नोंद असते, ती आरटीओकडून बदलून घ्यावी लागते. कर्ज बाकी असेल तर फायनान्सवाल्याची संमती आणि विमा कंपनीला कळवणं हेही आलं. मिलिटरीचा हिरवा कोणालाच मारता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे तो फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी आहे.

दोन गोष्टी पेंटरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. नवी एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबर प्लेट लागली असेल तर तिला हात लावायचा नाही. तिचं लॉक एकदा तुटलं की परत बसत नाही, पुन्हा अर्ज आणि पुन्हा पैसे. प्लेट जागेवरच टेप मारून झाकायची. आणि चेसिस नंबर कोरलेल्या जागेवर पुट्टी किंवा जाड रंग चढवायचा नाही. नूतनीकरणाला त्याचाच पेन्सिलने ठसा घेतात.

पत्रा वाचायला शिका

गाडी धुऊन, वाळवून, सावलीत उभी करा. सोबत एक लहान चुंबक, एक जुना स्क्रू ड्रायव्हर आणि खडू घ्या. चुंबक पातळ कापडात गुंडाळून पॅनेलवर फिरवा. निव्वळ पत्र्यावर तो घट्ट धरतो. पुट्टीचा जाड थर असेल तिथे सैल पडतो किंवा घसरतो. तिथे खडूने गोल करा. मग बोटाच्या पेराने ठोका: पत्रा टणटणतो, पुट्टी धप वाजते.

ओम्नीत गंज ठरलेल्या जागी असतो. पुढच्या चाकांच्या कमानी, म्हणजे ड्रायव्हरच्या पायाखालचा भाग, सगळ्यात आधी जातात. आपली काळी माती तिथे चिकटते, आत दडपून बसते आणि वरून सुकलेली दिसली तरी आतून आठवडाभर ओल सोडत नाही. त्यानंतर सरकत्या दाराची खालची पट्टी आणि तिची रेल, पायदानाची कड, मागच्या दाराची खालची घडी, मागच्या लाइटांच्या खालचा पत्रा आणि पुढच्या काचेच्या रबराचे खालचे दोन कोपरे. छताच्या दोन्ही बाजूंची पन्हाळीही बघा. कॅरिअरचे क्लॅम्प तिथेच कसतात, रंग आणि सीलंट खरवडला जातो आणि पाणी तिथून आत उतरतं. छताचं अस्तर ओलं होतं, मालक मात्र काचेला दोष देतो.

आतली मॅट उचलल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. युरियाची, डीएपीची पोती वाहणाऱ्या गाडीत खताचे दाणे मॅटखाली सांडतात, हवेतली ओल ओढून घेतात आणि पत्रा खालून नव्हे तर वरून खातात. गंज दिसेल तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक अंगठ्याच्या जोराने दाबा. टिकला तर घासून वाचेल. आत गेला तर तो तुकडा कापायचा, त्यावर दुसरा इलाज नाही.

खडूच्या खुणा मोजा. तळाचे आडवे पत्रे, दोन्ही कमानी आणि पायदान तिन्ही गेले असतील तर महाग रंगाचा विचार सोडा. फार तर कमानी आणि तळ दुरुस्त करून वरून साधा रंग मारा आणि गाडी दोन-तीन वर्षं वापरा. पीयू (पॉलियुरेथेन) रंग अशा गाडीवर वाया जातो.

अंगावर आता कोणता रंग आहे?

हा प्रश्न गावाकडे क्वचित कोणी विचारतो आणि निम्मी कामं इथेच फसतात. पेट्रोल टाकीच्या झाकणाच्या आत किंवा दाराच्या चौकटीत, म्हणजे दिसणार नाही अशा जागी, एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाच्या थिनरमध्ये भिजवलेलं पांढरं सुती कापड अर्धा मिनिट धरा आणि पुसा.

कापडाला रंग भराभर उतरला तर तो एनसी. रंग उतरला नाही पण सुरकुतला, मऊ पडला, तर आधी कोणीतरी सिंथेटिक इनॅमल मारलंय. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मारतात तोच डबा. काहीच झालं नाही तर कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग किंवा चांगला वाळलेला टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारलेला, पीयू आहे.

सिंथेटिकवर एनसी किंवा पीयू मारला की त्यातलं तेज थिनर खालचा थर उचलतं आणि पृष्ठभाग म्हाताऱ्या कातडीसारखा आकसतो. तसा रंग पत्र्यापर्यंत काढावाच लागतो. पेंटर म्हणेल, प्राइमरने दाबून टाकू. दबत नाही. एनसीचे जुने जाड थर असतील तरी काढलेले बरे, नाहीतर वर्षभरात वरच्या रंगाला भेगा पडतात. कंपनीचा रंग घट्ट असेल तर मात्र तो काढू नका. त्याच्याइतका चिकटून बसणारा प्राइमर बाहेर मिळत नाही. नुसता ४०० नंबरच्या घासपेपरने घासून मॅट करा आणि त्यावरच पुढचं काम करा.

कोणता रंग घ्यायचा आणि किती

बाजारात तीन पर्याय आहेत. सिंथेटिक इनॅमल स्वस्त, पण वाळायला एक दिवस घेतो, त्यावर धूळ बसते आणि उन्हात दीड-दोन वर्षांत पिठासारखा होतो. एनसी लगेच वाळतो, चूक झाली तर घासून दुरुस्त होतो, म्हणून पेंटरचा लाडका. पण पेट्रोल सांडलं की डाग पडतो आणि चकाकीसाठी दर काही महिन्यांनी पॉलिश लागते. टू-के पीयूमध्ये रंग आणि हार्डनर मिसळतात, दोघांची रासायनिक क्रिया होऊन थर घट्ट बसतो. नीट मारला तर पाच-सात वर्षं ऊन-पाऊस झेलतो. चंद्रपूर-वणीच्या उन्हात, कोळशाच्या आणि सिमेंटच्या धुळीत उभी राहणारी गाडी असेल तर पीयूच घ्या.

मेटॅलिक रंगाला रंगाचा बेस आणि वरून पारदर्शक क्लिअर असे दोन थर लागतात. सामान आणि मजुरी दोन्ही साधारण दीडपट होतात, पुढे एखादं पॅनेल ठोकलं गेलं तर जोड जुळवणंही अवघड. कामाच्या गाडीला साधा पांढरा उत्तम. मारुतीचा नेहमीचा पांढरा म्हणजे सुपिरिअर व्हाइट, कोड २६ यू. नागपूर, अमरावती, अकोल्याच्या मिक्सिंग दुकानात हा कोड सांगितला की तोच रंग बनवून मिळतो. नुसतं "मारुतीचा पांढरा द्या" म्हटलं तर निळसर पांढराही हातात पडू शकतो.

आता माप. ओम्नी ३.३७ मीटर लांब, १.४१ मीटर रुंद. काचा आणि चाकांची जागा वगळली तर बाहेरचा पत्रा साधारण साडेअकरा चौरस मीटर भरतो. दारांच्या कडा, चौकटी धरून तेरा धरा. पीयूचा वाळलेला थर ५० मायक्रॉन हवा. तेरा चौरस मीटरवर ५० मायक्रॉन म्हणजे ६५० मिली घन रंग. स्प्रे गनमध्ये भरलेल्या मिश्रणात घन भाग साधारण ४० टक्के, म्हणजे १.६ लिटर मिश्रण पत्र्यावर बसायला हवं. साध्या गनमधून निघालेल्यातलं चाळीस टक्केच पत्र्याला लागतं, बाकी हवेत आणि पेंटरच्या डोक्यावर. म्हणून मिश्रण हवं चार लिटर. मिसळण्याचं प्रमाण २:१ असेल तर त्यात अडीच लिटर रंग, सव्वा लिटर हार्डनर आणि उरलेलं थिनर. पेंटर दीड लिटर रंगात पूर्ण गाडी करतो म्हणाला तर तो काय करणार ते या हिशेबातून कळतं: थर निम्म्याहून थोडाच जास्त. चार लिटर रंग मागितला तर उरलेला पुढच्या गाडीला जाईल.

बाकी सामान असं:

- इपॉक्सी प्राइमर, उघड्या पत्र्यासाठी: १ लिटर, हार्डनर धरून
- टू-के सरफेसर (पुट्टीवर मारून घासायचा प्राइमर): दीड लिटर आणि त्याचा हार्डनर
- पॉलिस्टर पुट्टी: २ ते ३ किलो. पाच किलोची यादी आली तर पत्राकाम नीट झालेलं नाही असं समजा
- पीयू थिनर ४ लिटर; गन धुवायला साधं एनसी थिनर ३ लिटर
- कोरडे पेपर: ८० नंबर ६, १५० नंबर ८, ३२० नंबर १०
- वॉटर पेपर: ४०० आणि ८०० नंबरचे प्रत्येकी १२, १५०० आणि २००० चे प्रत्येकी ५
- मास्किंग टेप ८ रोल, सीम सीलंट (पत्र्याचे जोड बुजवायला) २ ट्यूब, अंडरबॉडी कोटिंग २ किलो
- पुढच्या-मागच्या काचेचं नवं रबर

तालुक्याच्या गावात चांगल्या प्रतीचं हे सामान साधारण बारा-चौदा हजारांत बसतं. रंगाची मजुरी आठ ते बारा हजार, पत्राकाम पाच ते पंधरा हजार, रबर, क्लिपा आणि किरकोळ दोन-तीन हजार. म्हणजे प्रामाणिक काम तीस ते चाळीस हजारांच्या आसपास जातं. दर दुकानागणिक बदलतील, पण वाटणी लक्षात ठेवा: वरच्या रंगाचा डबा आणि हार्डनर हा एकूण खर्चाचा सहावा-सातवा हिस्सा असतो. डबा स्वस्त घेऊन वाचतात दीड-दोन हजार. पत्राकाम टाळून वाचतात दहा हजार, म्हणून तिथे हात आखडतो आणि तिथेच गाडी जाते.

कोणत्या महिन्यात

पावसाळ्यात नको. एनसी पांढुरका पडतो, कारण थिनर उडताना पत्रा थंड होतो आणि हवेतली ओल रंगावर बसते. पीयूचा हार्डनर तर ओलीशीच क्रिया करतो, बारीक बुडबुडे सोडतो. ऑक्टोबरात सोयाबीनचे थ्रेशर चालू असतात आणि संध्याकाळी दिवा लावला की किड्यांचा थवा. नोव्हेंबर ते जानेवारी तापमान उत्तम, पण हिंगणघाट, वणी, यवतमाळ अशा कापसाच्या पट्ट्यात जिनिंगजवळचं शेड असेल तर रुईचे तंतू ओल्या रंगावर उतरतात. ते वाळल्यावर घासून निघतात, पण खाली दोरीसारखा ठसा राहतो. शिवाय सकाळी दहापर्यंत पत्र्यावर दव असतं.

सगळ्यात सोयीचा काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्च संपेपर्यंत. एप्रिल-मेमध्ये करायचंच असेल तर स्प्रे सकाळी सहा ते नऊ एवढाच. पत्र्यावर तळहात पाच सेकंद टेकवता येत नसेल तर रंग मारू नये. थेंब पत्र्यावर पसरायच्या आत सुकतो. असा दाणेदार पृष्ठभाग म्हणजे ऑरेंज पील. संत्र्याच्या मुलखात तो वेगळा समजावून सांगायला नको.

पत्राकाम

वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा. इंजेक्शनवाली गाडी असेल तर हे विसरून चालणारच नाही, ईसीयू (इंजिनचा संगणक) जळतो. एलपीजी-सीएनजी किट असेल तर टाकी गाडीतून बाहेर. पेट्रोल टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवा. ओलं पोतं आणि पाण्याची बादली हाताशी असतेच, वाळूची घमेली आणि आग विझवायचं सिलिंडरही ठेवा, कारण पेट्रोलवर पाणी काही कामाचं नाही.

कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापा. पॅचसाठी २० किंवा २२ गेजचा सीआरसी (थंड लाटलेला साधा पोलादी) पत्रा वापरा. २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मिमी, २२ म्हणजे ०.७. गोठ्यावरचा उरलेला जस्ती पत्रा वापरण्याची खोड सगळीकडे आहे. जस्त वेल्डिंगमध्ये जळतं, धूर विषारी असतो आणि जोडाजवळ पत्रा उघडा पडतो. मोठ्या सपाट पॅनेलवर गॅस वेल्डिंग टाळा, तापून पत्रा लाटेसारखा होतो आणि ती लाट मग पुट्टीने भरावी लागते. सीओटू वेल्डिंग (विजेवरचं, तारेचं) तालुक्याला मिळतंच. एक टाका इथे, दुसरा तिकडे, असे दोन-तीन सेंटीमीटरवर टाके घेत पॅच बसवायचा, सलग ओढत जायचं नाही.

टाके घासून झाले की जोडाच्या दोन्ही बाजूंना इपॉक्सी प्राइमर आणि त्यावर सीम सीलंट. आतली बाजू दिसत नाही म्हणून बहुतेक जण सोडून देतात, आणि पॅच दोन वर्षांत तिथूनच गंजतो. वरवरचा गंज असेल तिथे वायर ब्रश, ८० नंबर पेपर, मग फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं रस्ट रिमूव्हर. ते पाण्याने पूर्ण धुऊन, गरम हवेने वाळवूनच इपॉक्सी मारायचा. अ‍ॅसिड खाली राहिलं तर इपॉक्सी चिकटत नाही.

दारांच्या आणि पायदानाच्या खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. पुट्टीने ती बुजवणारे कारागीर आहेत.

पुढच्या काचेचं रबर कडक झालं असेल तर काच उतरवायलाच हवी, खालचा गंज तेव्हाच दिसतो. रबर मऊ असेल आणि पत्रा चांगला असेल तर रबराच्या ओठाखाली चार-पाच मिमी जाडीची प्लास्टिकची दोरी सरकवत न्या. ओठ उचलला जातो, रंग त्याच्या खालपर्यंत पोहोचतो आणि टेपची कड दिसत नाही.

पुट्टी आणि प्राइमर

इथे गाडी एकदा नागडी बघा. पत्राकाम झालंय, इपॉक्सी लागलाय, पुट्टी अजून नाही. या दिवशी मालकाने शेडवर जायचंच. चारही बाजूंचे आणि खालचे फोटो मोबाइलवर घ्या. पुट्टी लागली की मग आत काय आहे ते फक्त कारागिराला माहीत.

पुट्टीत हार्डनर वजनाने दोन टक्के: शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम. चाळीस अंशाच्या उन्हात दीड टक्का पुरतो, नाहीतर पुट्टी लावायच्या पत्तीवरच घट्ट होते. लवकर वाळावी म्हणून जास्त हार्डनर घालणं ही नेहमीची चूक. उरलेलं पेरॉक्साइड वर चढतं आणि पांढऱ्या रंगात पिवळसर डाग उमटतो, तो दोन कोट मारूनही जात नाही. एका वेळी पातळ थर द्या, एकूण जाडी तीन मिमीच्या आत.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पॉलिस्टर पुट्टी पाण्याने घासू नका. तिच्यात बारीक छिद्रं असतात, ती स्पंजासारखी पाणी पितात. वरून कोरडी दिसते, दुसऱ्या दिवशी प्राइमर लागतो, एप्रिलच्या उन्हात आतलं पाणी वाफ होऊन फोड काढतं. रस्त्याकडेच्या शेडमध्ये बादली आणि वॉटर पेपर घेऊन पुट्टीवर बसलेला पोऱ्या दिसला तर त्याला थांबवा. ८०, १५०, ३२० हे पेपर लाकडी ठोकळ्यावर लावून कोरडेच घासायचे. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या ओळी उमटतात.

पुट्टीवर सरफेसरचे दोन-तीन कोट, गन १.६ ते १.८ मिमी नोझलची. वाळल्यावर काळ्या रंगाचा हलका फवारा मारा आणि ४०० ने, मग ८०० वॉटर पेपरने घासा. सरफेसर पाण्याने घासायला हरकत नाही. काळा जिथे राहिला तिथे खड्डा, जिथे आधी उडाला तिथे उंचवटा. डोळ्यांना न दिसणारं यात दिसतं आणि खर्च शे-सव्वाशे रुपयांच्या आतच. यानंतर पत्रा उघडा पडला तर तिथे परत इपॉक्सी.

स्प्रे

पंक्चरच्या दुकानातून आणलेला छोटा कॉम्प्रेसर एक दार रंगवू शकतो, छत नाही. हवा अर्ध्यावर संपते आणि रंग थुंकायला लागतो. तीन एचपीचा, दोन सिलिंडरचा, दीडशे लिटरच्या टाकीचा कॉम्प्रेसर हवा. टाकीतलं पाणी रोज सकाळी काढा, गनजवळ पाणी-तेल अडवणारा फिल्टर लावा. वीज हा आपल्याकडचा वेगळा मुद्दा. शेतीपंप चालू असताना व्होल्टेज पडतं, मोटर ट्रिप होते. लाइनमनकडून वेळ विचारून घ्या किंवा जनरेटर ठेवा. छताच्या मध्यावर वीज गेली तर ते छत पुन्हा घासावं लागतं.

डॅशबोर्डला, टायरला सिलिकॉनची पॉलिश वापरलेली असते आणि वॉशिंग सेंटरवर खालून डिझेल फवारतात. या दोन्हीच्या खुणा राहिल्या तर रंगात गोल खड्डे पडतात. त्यांना फिश आय म्हणतात. मास्किंगआधी साबण-सोड्याने धुवा, वाळवा, मग ग्रीस रिमूव्हरने एका कापडाने ओलं करून दुसऱ्या कोरड्या कापडाने लगेच पुसा. घासलेटने पुसायचं नाही.

जमिनीवर पाणी शिंपडा म्हणजे धूळ बसेल, डबकं मात्र नको. शेडला तिन्ही बाजूंनी ताडपत्री, वाऱ्याच्या उलट बाजूने हवा निघायला जागा. रंगाचा पातळपणा मोजायचा बी-४ कप (तळाला भोक असलेला) १८ ते २२ सेकंदांत रिकामा व्हायला हवा. नोझल १.४, साध्या गनला दाब ४५ ते ५५ पीएसआय, पत्र्यापासून अंतर १५ ते २० सेंटीमीटर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढलेला. उन्हाळ्यात सावकाश उडणारं थिनर मागून घ्या.

आधी दारांच्या कडा आणि चौकटी. मग छत: एका बाजूने मध्यापर्यंत, लगेच दुसऱ्या बाजूला जाऊन मध्यावरची कड ओली असतानाच जोडायची. त्यानंतर एक बाजू, मागचा भाग, दुसरी बाजू, शेवटी पुढचा भाग. पहिला कोट हलका. दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा भरलेला, तसाच थांबून तिसरा. घाईने भरलेल्या कोटावर लगेच दुसरा चढवला की ओघळ येतात आणि आतलं थिनर अडकून सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. सरकतं दार उतरवून वेगळं मारलं तर रेलच्या मागचा पत्राही रंगतो. रंग ओला असताना ते बंद केलं तर रबराला चिकटून पापुद्रा उचलतो, म्हणून रात्रभर उघडं.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही उसळतो. तोंडाला बांधलेला दुपट्टा किंवा कापडी मास्क इथे काहीच अडवत नाही. किमान सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क, चष्मा आणि हातमोजे पेंटरकडे नसतील तर ते मालकाने आणून द्यावेत. चाळीस हजारांच्या कामात हजार-दीड हजार. लहान पोरांना त्या दिवशी शेडजवळ येऊ देऊ नका, आणि विडी लांब जाऊन.

ताबा घेताना

पैसे टप्प्याने द्या आणि टप्पे कागदावर लिहा: सामानाला तीस टक्के, नागडी गाडी दाखवल्यावर पंचवीस, सरफेसर घासून झाल्यावर वीस, उरलेले ताबा घेताना. रंगाचा आणि हार्डनरचा डबा तुमच्यासमोर फुटायला हवा. पीयूचे पैसे घेऊन एनसी मारण्याचा प्रकार होतो. मारल्यानंतर तीन दिवसांनी दाराच्या आतल्या कडेला थिनरचं कापड अर्धा मिनिट धरा. पांढरा रंग कापडावर आला तर तो पीयू नाही.

गाडी सकाळच्या तिरप्या उन्हात बघा, ट्यूबलाइटखाली नको. बाजूला उभं राहून विजेच्या खांबाचं प्रतिबिंब पॅनेलवरून सरकवत न्या; खांब जिथे वाकडा होतो तिथे पुट्टी नीट घासलेली नाही. धुळीचे दाणे आणि हलकं ऑरेंज पील १५०० आणि २००० पेपरने घासून, रबिंग कंपाउंडने निघतं. त्यासाठी रंग मारल्यावर किमान दोन दिवस जाऊ द्या. फिश आय, भेगा आणि सुरकुत्या पॉलिशने जात नाहीत, ते पॅनेल परत करायला लावा.

पहिला आठवडा शाम्पूने धुऊ नका, महिनाभर वॅक्स नको. चिंचेखाली, कडुलिंबाखाली गाडी उभी करू नका. पाखरांची विष्ठा ताज्या रंगाला काही तासांत खड्डा पाडते, दिसली की साध्या पाण्याने लगेच धुवा. अंडरबॉडी कोटिंग रंगानंतरच, कमानीत आणि तळाला, पाण्याची भोकं सोडून. कॅरिअर परत बसवताना क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबची दुहेरी पट्टी ठेवा.

उरलेल्या रंगातला पाव लिटर, हार्डनर न मिसळलेला, काचेच्या बाटलीत घट्ट बुचाने भरून घ्या आणि चिठ्ठीवर रंगाचा कोड, हार्डनरचं नाव, प्रमाण आणि तारीख लिहून चिकटवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर मॅट उचलून पायाखालचा पत्रा, छताची पन्हाळ आणि मागच्या दाराची घडी बघा. खरचटलेलं, उघडं पडलेलं काही दिसलं तर ते कोरडं करून त्याच बाटलीतला रंग दुकानातून ताजा थोडा हार्डनर आणून, चिठ्ठीवरच्या प्रमाणात मिसळून, बारीक ब्रशने लावा.